पाचशे बाराची किटली

व्हर्दिए हॉटेलच्या दाराशी टॅक्सी थांबली. सोनेरी बटणांच्या कोटातला दारवान पुढे होऊन बॅगेला हात घालणार, तोच व्हर्नेल ग्लापियोंने ती छातीशी धरली.

"राहू दे. माझी मी नेते."

"बाई, तुमची खोली पाचव्या मजल्यावर आहे."

"मग? लिफ्ट आहे ना? की तीही तूच ओढतोस?"

दारवान हसला. व्हर्नेल हसली नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, त्यातली एकतीस वर्षं सातव्या वॉर्डातल्या शाळेच्या ऑफिसात गेलेली. गैरहजर पोरांनी घरून आणलेल्या चिठ्ठ्या तपासायच्या, हे तिचं काम. आईची सही कुणी स्वतःच ठोकून दिली, तापाचं निमित्त करून कोण नदीवर मासे धरायला गेलं होतं, हे ती कागद हातात घेताक्षणी सांगायची. अशा बाईला कुणी फुकटात दोन रात्री न्यू ऑर्लिन्सच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात दिमाखदार हॉटेलात राहायला बोलावलं, तर तिच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होणार?

खोलीत गेल्यावर तिने पहिलं काम केलं ते फोटो काढायचं. टॉवेल सहा. काचेचे पेले चार. चांदीचा चमचा एक. पलंगावरच्या उशा आठ, म्हणजे एका माणसाला आठ डोकी असावीत तशा. सगळ्याचे फोटो, तारीख-वेळेसकट. उद्या कुणी म्हणायला नको की ग्लापियोंची मुलगी आली आणि काहीतरी काखोटीला मारून गेली. फळांच्या टोपलीला तिने बोटसुद्धा लावलं नाही. टोपलीतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'घरी परत आल्याबद्दल स्वागत.'

"घरी!" व्हर्नेल त्या चिठ्ठीला म्हणाली. "माझ्या आईला घराबाहेर काढलंत, ते विसरलात वाटतं."

तिची आई ओडीलिया याच हॉटेलात, याच पाचव्या मजल्यावर खोल्या आवरायची. रोज संध्याकाळी मागच्या दाराने बाहेर पडताना पहारेकरी सगळ्या बायकांच्या पिशव्या उलट्या करून बघायचा. पुढचं दार गोऱ्यांसाठी. आमच्या काळ्या माणसांनी त्या दाराला पितळ चमकवण्यापुरताच हात लावायचा. आणि एके दिवशी, एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात, पाचशे बारा नंबरच्या खोलीतली कॉफीची चांदीची किटली सापडेना. ओडीलियाच्या पिशवीत काही नव्हतं, घराची झडती घेतली तिथेही काही नव्हतं. तरी तिला काढलं ते काढलंच. मग दुसऱ्या कुठल्या हॉटेलाने दारात उभं केलं नाही. चर्चमध्ये शेजारी बसलेल्या बायका पर्स मांडीवरून पोटाशी ओढू लागल्या. पुढची तीस वर्षं ओडीलियाने घरी बसून लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. आणि मरेपर्यंत एकच सांगत राहिली, "त्यांनी माझ्यावर घेतलेला आळ खोटा होता."

व्हर्नेलला त्याबद्दल काडीचाही संशय नव्हता. आख्ख्या जगावर संशय घेणारी ही बाई, पण आईच्या शब्दावर नाही.

गेल्या जानेवारीत ओडीलिया गेली. वसंतात व्हर्नेलने तिची सिडार लाकडाची पेटी उपसली, तर तळाशी, व्हर्दिएचं नाव विणलेल्या टॉवेलात गुंडाळलेली, कॉफीची चांदीची किटली.

ती तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. रागच एवढा आला होता की रडायला जागा नव्हती. "इतकी वर्षं," ती पेटीला म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्यासाठी मी लोकांशी भांडले, आई."

तेव्हापासून ती थडग्यावर गेली नव्हती. आता ऑक्टोबर संपत आला होता. एक नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या दिवशी, न्यू ऑर्लिन्समधलं प्रत्येक घर आपापल्या थडग्याला चुना लावायला आणि फुलं वाहायला जातं. ज्यांचं थडगं त्या दिवशी काळवंडलेलं राहतं, त्यांच्या घराकडे लोक वर्षभर वेगळ्या नजरेने बघतात. आणि व्हर्नेलने ठरवलं होतं की यंदा आपण चुन्याचा ब्रश उचलायचा नाही.

त्याआधी, उन्हाळ्यात, पेपरात आलं होतं की व्हर्दिए हॉटेल आपली जुनी गेलेली चीजवस्तू परत मागतंय. चमचे, राखदाण्या, झगे, काहीही आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. ज्याच्या वस्तूची गोष्ट सगळ्यात चांगली, त्याला दोन रात्री पाहुणचार. व्हर्नेलने किटली खोक्यात घातली, वर चार ओळी लिहिल्या, 'ही माझ्या आईच्या पेटीत सापडली. तुमची आहे. घ्या,' आणि पोस्टात टाकली. तिला ती घरात नको होती, बाकी काही नाही. आणि बक्षीस लागलं तिलाच.

चार ओळींच्या पत्रात कुठली आली गोष्ट? इथेच तर पाल चुकचुकली होती.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या प्रसिद्धीचं काम बघणारा ब्लेअर ट्रेनहोम भेटायला आला. तिशीचा, गुलाबी गालांचा, बोलताना शब्दाशब्दावर साखर पेरणारा. त्याने तिला खालच्या हॉलमध्ये नेलं, गंबो, म्हणजे कोळंबी-भेंडीचा दाट रस्सा, मागवला, आणि परवा सकाळच्या समारंभाचं सांगू लागला. मधल्या दालनात काचेच्या कपाटात परत आलेल्या वस्तू मांडायच्या, प्रत्येकीखाली छोटी पाटी. टीव्हीवाले येणार. व्हर्नेलने दोन शब्द बोलायचे.

"तुमच्या किटलीची पाटी तयार आहे," असं म्हणून त्याने कार्ड पुढे केलं.

'कॉफीची चांदीची किटली. १९६२ मध्ये एका मोलकरणीने चोरलेली. साठ वर्षांनंतर तिच्या कन्येने क्षमा मागून परत केली.'

व्हर्नेलने चमचा खाली ठेवला.

"मोलकरीण हे मी लिहिलं नव्हतं."

"हो, पण..."

"साल लिहिलं नव्हतं. आणि क्षमा तर मी देवाकडेसुद्धा जपून मागते. हे तुम्ही कुठून आणलंत?"

ट्रेनहोमचे गाल आणखी गुलाबी झाले. "मिस व्हर्नेल, आमच्याकडे जुनी सगळी रजिस्टरं जपून ठेवलीत. पाहुण्यांची, नोकरांची. तुमचं आडनाव वाचलं आणि मी शोधलं. सगळं तंतोतंत जुळलं. म्हणून तर तुमची गोष्ट निवडली! किती सुंदर शेवट होतोय बघा ना. इतक्या वर्षांनी सत्य..."

"दाखवा मला."

त्याने फोनवर फोटो दाखवला. पिवळं पान, टाईप केलेली ओळ. 'ओडीलिया ग्लापियों, पाचवा मजला. खोली ५१२ मधील कॉफीची चांदीची किटली. चोरी. कामावरून काढले. ऑगस्ट १९६२.'

म्हणजे या लोकांनी तिला पाहुणचाराला बोलावलं नव्हतं. चोराच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर मान खाली घालावी म्हणून आठ उशांच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं चुकत तरी कुठे होतं? रजिस्टर किटली म्हणत होतं. पेटीत किटली होती. गंबो गार झाला. तिने तो तसाच टाकला, आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाईने गंबो टाकला म्हणजे तिचं काय झालं असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रेनहोमला म्हणाली, "मला किटली एकदा बघायची आहे. शेवटची."

"अवश्य! खाली चांदीच्या खोलीत आहे. अल्सिड घासतोय."

तळघरात, भट्टीच्या शेजारी, एक लांबट खोली. आत ऐंशीच्या घरातला एक काळा म्हातारा, निळा एप्रन, हाताला पॉलिशचा काळा रंग मुरलेला. समोर टेबलावर परत आलेल्या वस्तूंचा ढीग. चमच्यांचा तर डोंगर.

"तुम्ही ग्लापियोंची मुलगी," तो एकदाच वर बघून म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कपाळ. सातव्या वॉर्डात ग्लापियोंचं कपाळ लपत नाही. बसा." त्याने स्टूल सरकवलं. "मी एकोणसत्तरला लागलो. तुमची आई तेव्हा नव्हती. पण नाव होतं. नवीन पोरी कामावर आल्या की मुकादमीण पहिल्या दिवशी सांगायची, ग्लापियोंसारखं करू नका."

व्हर्नेल स्टुलावर बसली. "सात वर्षांनंतरही?"

"सत्तर सालानंतरही. तुमची हीच ना?" त्याने किटली पुढे ठेवली. घासून तिचं रूप पालटलं होतं. त्याने सवयीने ती उलटी केली आणि तळ फडक्याने पुसला. मग थांबला. चष्मा कपाळावरून खाली आणला.

"काय झालं?"

"काढलं कधी म्हणालात आईला?"

"बासष्ट. ऑगस्ट."

"अहो बाई, ही किटली तेव्हा झालीच नव्हती."

व्हर्नेलने त्याच्याकडे रोखून पाहिलं. म्हातारा माणूस, आपल्यातला, तिची दया आली असेल. दयेपोटी माणसं वाटेल ते बोलतात. "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? चांदीच सांगतेय. या बघा." त्याने तिच्या हातात भिंग दिलं. तळाशी कारखान्याचं नाव, खाली व्हर्दिएचं चिन्ह, आणि त्याच्या बाजूला बारीक ठोकलेले दोन आकडे. ६४. "हॉटेलांसाठी बनवतात त्या मालावर वर्ष ठोकलेलं असतं. किती वर्षांनी नवा मुलामा द्यायचा ते कळावं म्हणून. पंचावन्न वर्षं मी हे तळ वाचतोय. वर बसलेल्यांनी कधी एक भांडं उलटं केलं असेल तर शपथ."

व्हर्नेलने आकडे तीनदा वाचले. सहा आणि चार. त्यात खोटी सही कुठे नव्हती.

"मग बासष्टची कुठे गेली?"

अल्सिडने फडकं खाली ठेवलं. मग उठला, मागच्या फळीवरून दुसरी किटली काढून आणली. तीच घडण, तसाच चोचीवर पानाचा नक्षीदार वळसा. तिच्या तळाला ५८.

"ही श्रीव्हपोर्टहून आली. गेल्या महिन्यात. सोबत पत्र आहे, आणि वरच्या साहेबांनी पाटीही केलीय."

पत्र एका गोऱ्या बाईचं होतं. आजी-आजोबांचा मधुचंद्र व्हर्दिएत झाला, ऑगस्ट १९६२, खोली पाचशे बारा. आजोबा फार गमत्ये होते. आणि पाटीवर लिहिलं होतं, 'एका नवविवाहित जोडप्याने आठवण म्हणून नेलेली.'

व्हर्नेलने आईचं कार्ड पर्समधून काढून त्या पाटीशेजारी ठेवलं. एक किटली, एकच खोली. त्यांनी नेली ती आठवण. आईने नेली नाही, तरी ती चोरी.

"त्या ट्रेनहोमच्या नजरेला हे आलंच नाही?"

"तो पत्रं वाचतो, बाई. जुळवत नाही. गोऱ्यांच्या पत्राशी मोलकरणीचं नाव जुळवायचं कुणाच्या डोक्यात येणार?"

आता रडू आलं. तळघरात, अनोळखी म्हाताऱ्यासमोर, पॉलिशच्या वासात व्हर्नेल हमसून हमसून रडली. त्याने तिला फडकं दिलं, ते काळं होतं, मग दुसरं दिलं. "आईला मी आठ महिने चोर म्हटलं," ती म्हणत राहिली. "आठ महिने."

पण नाक पुसून झाल्यावर तिच्या डोक्यातली, एकतीस वर्षं चिठ्ठ्या तपासणारी बाई पुन्हा जागी झाली. बासष्टची किटली श्रीव्हपोर्टला. ठीक. मग ही चौसष्टची, हॉटेलच्या टॉवेलासकट, आईच्या पेटीत कशी? कामावरून काढलेल्या बाईला मागच्या दारातून आत कोण सोडणार होतं?

तिने मावशीला फोन लावला. युलाली मावशी, आईची धाकटी बहीण, एक्याण्णव वर्षांची, ऐकायला कमी आणि बोलायला जास्त.

"मावशी, चौसष्ट साली आई या हॉटेलात गेली होती का?"

"कोण मेलं?"

"कुणी नाही मेलं! हॉटेलात! आई!"

"हां. ते." मावशीने आवाज खाली आणला. "तुझ्या आईने माझ्याकडून शपथ घेतली होती."

"आई गेली आता, मावशी. शपथ सुटली."

"तुला आठवतं का, ती एकदा मोबिलला मयतीला गेली होती? पिवळा सूट घालून?"

व्हर्नेलला आठवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पिवळा सूट, पांढरे हातमोजे, मावशीची सुटकेस. आई दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या अंगाला कसला तरी भारी वास येत होता. तिने व्हर्नेलला छोटासा गुलाबी साबण दिला होता, आणि व्हर्नेलने तो कधी वापरला नाही, नुसता हुंगला.

"मयतीला कुणी पिवळं घालतं का गं, येडे?" मावशी म्हणाली. "आणि मोबिलला आपलं होतं तरी कोण मरायला?"

ट्रेनहोमने चौसष्टचं पाहुण्यांचं रजिस्टर आणून दिलं, जरा कुरकुरतच. कायदा आला जुलैमध्ये. आमच्या माणसांना पुढच्या दाराने घ्यावंच लागेल असा. व्हर्नेलने जुलैपासून बोट फिरवायला सुरुवात केली. ऑगस्ट. सप्टेंबर. बँकवाले, डॉक्टर, टेक्सासचे तेलवाले. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला बोट थांबलं.

सही ओळखायला तिला भिंग लागलं नाही. आडनावाचं पहिलं अक्षर काढताना आई आधी गळासारखा आकडा काढायची, मग बाकीचं त्यात अडकवायची. व्हर्नेलच्या लहानपणी तिच्या शाळेच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर तो आकडा होता. 'श्रीमती ओडीलिया ग्लापियों, न्यू ऑर्लिन्स.' आणि पुढे कारकुनाच्या अक्षरात खोलीचा नंबर, ५१२. तीच खोली हवी, असं सांगून घेतली असणार.

दोन वर्षं परक्यांच्या शर्टांना इस्त्री करून ओडीलियाने एक रात्र विकत घेतली होती. सकाळी पलंगावर बसून कॉफी मागवली असेल. ती आणून देणाऱ्या बाईला ती ओळखतही असेल. आणि मग किटली टॉवेलात गुंडाळून मावशीच्या सुटकेसमध्ये घातली, आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. पाहुण्यांची बॅग कुणी उघडत नाही. उलट दारवानाने ती उचलून टॅक्सीपर्यंत नेली असणार.

व्हर्नेल रजिस्टरवर हात ठेवून हसू लागली. म्हणजे आईने नेलीच होती की! आळ खोटा होता, हे आई शेवटपर्यंत खरंच बोलत होती. किटली नेली नाही असं मात्र ती एकदाही म्हणाली नव्हती. एवढ्या वर्षांत व्हर्नेलने हा फरक पकडला नव्हता, आणि स्वतःला चिठ्ठ्या तपासणारी म्हणवत होती.

समारंभाच्या सकाळी तिने ट्रेनहोमला बाजूला घेतलं. दोन्ही किटल्या उलट्या करून दाखवल्या, श्रीव्हपोर्टचं पत्र दाखवलं, सही दाखवली. त्याचे गाल पांढरे झाले.

"म्हणजे आमची पाटी चुकीची आहे."

"दोन चुका आहेत. एक म्हणजे बासष्टच्या त्या पानावर, आईच्या नावाखाली, आरोप खोटा होता असं लिहून सही करा."

"ते ऐतिहासिक कागद आहेत हो, मिस व्हर्नेल. मला वर विचारावं लागेल."

"विचारा. मी बसलेय. खोली दुपारपर्यंत माझी आहे आणि टीव्हीवाले बाहेर आलेत."

तो गेला, दहा मिनिटांनी परत आला, आणि त्याने लिहिलं. व्हर्नेलने सही नीट न्याहाळली. त्याचीच होती.

"आणि पाटी?" तो घाम पुसत म्हणाला. "म्हणजे, रागावू नका, पण चौसष्टला तरी तुमच्या आईने ती... म्हणजे ती चोरीच झाली ना?"

"पाहुण्याने नेलेल्या वस्तूला तुमच्याकडे काय म्हणतात?"

ट्रेनहोमने श्रीव्हपोर्टच्या पाटीकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

अकरा वाजता काचेच्या कपाटाभोवती दिवे लागले. अल्सिड मागच्या भिंतीला टेकून उभा होता, एप्रन काढून, टाय लावून. व्हर्नेलला दोन शब्द बोलायचे होते. तिने नवीन पाटी वाचली, तेवढीच.

'कॉफीची चांदीची किटली, १९६४. खोली ५१२ च्या पाहुण्या, श्रीमती ओडीलिया ग्लापियों, यांनी आठवण म्हणून नेलेली.'

आवाज एकदाच हलला, 'पाहुण्या' या शब्दावर.

बाहेर निघताना दारवान पुढे आला आणि जरा बिचकून थांबला. व्हर्नेलने बॅग त्याच्या हातात दिली.

"जड झालीय, बाई."

"साबण आहेत," ती म्हणाली. "उघडून बघायचंय?"

"छे छे. पाहुण्यांची बॅग आम्ही उघडत नाही."

तो बॅग घेऊन पुढे, ती मागे. टॅक्सीत बसल्यावर तिने मावशीला फोन लावला आणि दोनदा ओरडून सांगितलं, उद्या सकाळी सातला तयार राहा, चुना मी घेते, ब्रश तू आण.

"आणि फुलं?" मावशीने विचारलं.

"पिवळी आण," व्हर्नेल म्हणाली. "त्या सूटसारखी."